आधी दवाखाना, सोबत दुआ

(जुन्नर-आंबेगाव भागातल्या तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मी आलिम नाही आणि डॉक्टरही नाही. इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. घर जुन्नर तालुक्यात. ‘जिन्न, साया आणि आजार’ या विषयावर बोला म्हणून निरोप आला, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मग धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “माझी गोष्ट सांगा. फक्त नाव घेऊ नका.” म्हणून तिच्या परवानगीने बोलतोय.

२०१७ ची गोष्ट. बहीण एकोणीस वर्षांची, कॉलेजला जाणारी. उन्हाळी कांद्याची काढणी चालू होती. एका संध्याकाळी भाकरी करता करता तिचे हात थांबले. नजर एका जागी लागली. ओठ चघळल्यासारखे हलत होते, बोटं ओढणीशी चाळा करत होती. अम्मीने हाक मारली, पण उत्तर नाही. दीड-दोन मिनिटांत ती भानावर आली आणि विचारू लागली, “काय झालं?” पुढे असं आठवड्यातून एकदा, मग दोनदा होऊ लागलं. सुरू होण्याआधी तिला जळक्या रबराचा वास यायचा आणि पोटातून भीती वर चढायची. तो वास घरात दुसऱ्या कुणालाच यायचा नाही.

निदान करायला घरात वेळ लागला नाही. मगरीबच्या वेळी केस मोकळे सोडून कब्रस्तानच्या रस्त्याने आली होती. चिंचेखालून आली होती. “इस पे साया है.” फुफी म्हणाली, शेजारीण म्हणाली, आणि मग ज्यांच्याकडे नेलं ते आमील बाबाही तेच म्हणाले. तावीज झाला, दोरा झाला, दर जुमेरातीला हाजरी झाली. ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांना कुणीतरी सांगितलं होतं की पोरीला बाहेरचं आहे.

या सगळ्यात मी कुठे होतो? हिंजवडीत. कामावर एखादा सर्व्हर बंद पडला की मी पहिल्यांदा लॉग वाचतो. कधी बंद पडला, त्याआधी काय झालं, मागच्या वेळी असंच झालं होतं का, हे बघतो. घरी मात्र मी एकही प्रश्न विचारला नाही. अम्मीला वाईट वाटेल, अब्बू म्हणतील चार बुकं शिकला आणि दीन विसरला, या भीतीने गप्प बसलो. गप्प बसलो एवढंच नाही, बाबांचे पैसेही मीच पाठवले. पहिल्यांदा पाच हजार शंभर, नंतर आणखी.

असे अकरा महिने गेले. मग एका जुमेरातीला बाबांनी सांगितलं की जिन्न जिद्दी आहे, मिरचीची धुरी द्यावी लागेल. धुरी चालू असतानाच तिला फिट आली, या वेळी पूर्ण शरीराची. ती शेगडीवर पडली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

भाजलेल्या हातावर पट्टी करायला म्हणून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी पट्टी करता करता सहज विचारलं, ही पडली कशी? मग एकेक प्रश्न. दर वेळी असंच होतं का? किती मिनिटं? नंतर आठवतं का? जीभ चावली जाते का? कपड्यात लघवी होते का? आधी कसला वास येतो का? हा शेवटचा प्रश्न ऐकून बहीण रडायला लागली. अकरा महिन्यांत तिला तो पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता.

पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. ईईजी झाला, एमआरआय झाला. कानाच्या वर, मेंदूचा जो बाजूचा भाग असतो तिथून सुरू होणारी ही मिरगी, म्हणजे अपस्मार. तिथला विजेचा खेळ बिघडला की नसलेला वास येतो, विनाकारण भीती वाटते, माणूस डोळे उघडे असून हजर नसतो. गोळ्या सुरू झाल्या. पहिली गोळी पुरेशी पडली नाही, डोस बदलावा लागला. पण चार महिन्यांनी फिट थांबल्या. आज ती शाळेत शिकवते.

बरी झाल्यावर एकदा तिने मला विचारलं, “भाईजान, तुम्हाला शंका आली होती ना?” मी हो म्हणालो. “मग बोलला का नाही?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजचं हे बोलणं त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

आता दीनकडे येतो, कारण तुमच्या मनातला प्रश्न मला माहीत आहे. जिन्नांचा उल्लेख कुराणात आहे, त्यांच्या नावाची सूरह आहे. मग हा माणूस जिन्न नाकारायला आलाय का? नाही. मी एवढंच म्हणतोय की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जिन्न आहेत का, हा अकीद्याचा प्रश्न. समोर पडलेल्या या मुलीला काय झालंय, हा तपासणीचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपोआप मिळत नाही.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जिन्न माणसाच्या शरीरात शिरतो का, यावर मुसलमान विद्वानांमध्येच जुना वाद आहे. मुअतझिली विद्वान अल-जुब्बाई यांनी ते नाकारलं. इब्न कय्यिम यांनी मानलं, पण त्यांनीही मिरगीचे दोन प्रकार सांगितले, आणि त्यातला एक शरीरातल्या बिघाडाचा, वैद्यांनी बघायचा. म्हणजे जे मानत होते तेही प्रत्येक फिटला जिन्न म्हणत नव्हते. सूरह इब्राहीममध्ये तर शैतान स्वतःच कयामतच्या दिवशी सांगतो की माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती, मी फक्त बोलावलं आणि तुम्ही आलात.

माझ्या मनात सगळ्यात जास्त बसला तो इब्न सीना. वफात १०३७ ची. त्याच्या ‘अल-कानून’ या वैद्यकाच्या ग्रंथात मनाच्या उदासीच्या आजारावर लिहिताना तो म्हणतो की काही वैद्यांच्या मते हा आजार जिन्नांमुळे होतो. मग त्याचं म्हणणं असं, की आम्ही वैद्यक शिकतोय, जिन्नांमुळे होतो की नाही याची आम्हाला पर्वा नाही. जिन्नांमुळे होत असला तरी बिघाड शेवटी शरीरात होतो, आणि आम्ही तो बिघाड बघतो. जवळपास हजार वर्षांपूर्वी त्याने हा वाद बाजूला ठेवून उपचाराची वाट मोकळी केली. आपण अजून वाद घालत बसलोय आणि पेशंट ओसरीवर पडलाय.

हदीसमध्ये एका बाईचा प्रसंग आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तिला फिट यायच्या आणि फिटमध्ये अंगावरचं वस्त्र सरकायचं. ती पैगंबरांकडे आली आणि दुआ मागितली. तिला कुणी मारलं नाही, कुणी तिच्या अंगातल्या कुणाशी भांडलं नाही, ‘तुझंच काही चुकलं असेल’ असंही म्हटलं नाही. सब्र केलास तर जन्नत, हवं तर शिफाची दुआ करतो, असं सांगून निवड तिच्यावर सोपवली. तिने सब्र निवडला आणि फक्त एवढं मागितलं की फिटमध्ये अंग उघडं पडू नये. आजारी बाईची इज्जत कशी ठेवायची हे इथे दिसतं. आणि इलाज करा, अल्लाहने म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराचा इलाज ठेवलाय, ही हदीसही आहेच.

‘बाहेरचं’ म्हणून जे घरोघरी सांगितलं जातं, त्यात फक्त मिरगी नसते. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखादीची झोप उडते, ती असंबद्ध बोलते, बाळाबद्दल विचित्र संशय घेते. हा बाळंतिणीचा गंभीर मानसिक आजार असतो आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. विशीतल्या मुलाला कानात आवाज येतात, सगळे माझ्यावर पाळत ठेवतात असं वाटतं, तो स्किझोफ्रेनिया असू शकतो. झोपेतून जाग येते पण हात हलत नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं, ते बहुतेक वेळा झोपेतला तात्पुरता लकवा असतो. मेंदूला सूज येऊनही चांगली मुलगी चार दिवसांत ओळखू न येण्यासारखी वागू लागते. २००७ मध्ये डॉक्टरांनी अशा एका आजाराचं नेमकं कारण शोधलं. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, आणि वेळेत उपचार झाले तर बरेच पेशंट बरे होतात. आपल्याकडे जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. तिथे अंगारा लावण्यात गेलेला तास जीव घेतो.

आणि एक प्रकार असा, की तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात. जी सून घरात तोंड उघडू शकत नाही, तिच्या अंगातला ‘जिन्न’ सासूला खडसावतो. हे नाटक नसतं. दाबून ठेवलेलं दुःख भान हरपून बाहेर येतं. तिला मानसोपचार हवेत, आणि घरातल्या वागणुकीत बदलही. जिन्नाला मारतो म्हणून जी काठी उगारतात, ती तिलाच लागते.

हे फक्त मुसलमानांचं नाही. शेजारच्या घरात अंगात येतं, देवऋषी असतो, पश्चिमेकडच्या डोंगरात भगत असतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे मोठी यात्रा भरते, होळीत नारळ जाळतात आणि सगळ्या धर्मांचे लोक आपला आजारी माणूस घेऊन येतात. त्यांना हसू नका. दर्ग्यात कुणी केसपेपर मागत नाही, कुणी वेडा म्हणत नाही, आईला पोराजवळ बसता येतं. दवाखान्यात हे मिळालं असतं तर त्यातले बरेच जण तिकडे आधी गेले असते.

पण ६ ऑगस्ट २००१ विसरू नका. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ खासगी लोक मनोरुग्णांसाठी ‘होम’ चालवत होते. पहाटे एका होमला आग लागली. आतले लोक साखळदंडाने बांधलेले होते, पळता आलं नाही. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली.

याला दुसरी बाजूही आहे. गुजरातमध्ये उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. २००८ पासून तिथे ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि त्याच माणसाला आवारातल्या डॉक्टरांकडेही पाठवतात. मुजावराने ‘जा’ म्हटलं की माणूस गोळी घेतो. म्हणजे आपले मौलाना, आपले मुजावर आपल्याला सोबत घेता येतात.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी आलेला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कुणाला इजा न करणारी, कुणाला न लुबाडणारी दुआ किंवा जियारत गुन्हा नाही. माझ्या बहिणीला धुरी दिली तेव्हा हा कायदा होता. मला माहीत नव्हता.

आता कामाचं सांगतो. घरात कुणाला असं झालं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. तो व्हायरल करायचा नाही, फक्त डॉक्टरांना दाखवायचा. माणसाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा नको, चप्पल नको. घड्याळ बघा. पाच मिनिटांहून जास्त चाललं, किंवा लागोपाठ दुसरी फिट आली, तर सरळ गाडी काढा. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, पुण्यात ससून आणि येरवड्याचं मनोरुग्णालय आहे. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा नंबर १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. गोळी सुरू झाली की मनाने बंद करू नका, रमजानमध्येही नाही. रोजा ठेवायचा का हे आधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला सूट कुराणानेच दिली आहे.

आणि घरात भांडू नका. जिन्न असतात की नसतात यावर अम्मीशी वाद घातला तर तुम्ही हराल, आणि पेशंटही हरेल. एवढंच म्हणा, “अम्मी, दुआ चालू ठेवू. उद्या सकाळी डॉक्टरकडेही जाऊ.” हे एक वाक्य मी अकरा महिने उशिरा बोललो.

माझी अम्मी आजही रात्री आयतुल कुर्सी पढून बहिणीवर दम करते. बहीण डोकं पुढे करते. मग अम्मी स्वतःच विचारते, “गोली खाई क्या?”