दुसरा घाणा
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं की नोकरीधंद्याचं बोलू नका, शाळा सुटल्यावर स्वतःच्या हातानं शिकलेली एक गोष्ट दहा मिनिटांत सांगा. मी विषय कळवला : घरी बिअर करणाऱ्या नवशिक्यानं दुसरी कृती कशी निवडावी. लगेच आपल्यातल्याच एकाचा फोन. "काय बे, रुक्मिणीच्या माहेरात येऊन दारूवर भाषन देतं काय?"

त्याचं चुकलं नाही. आपल्या गावातून दर आषाढीला पंढरपूरला पालखी जाते. नदीच्या पल्याड वर्धा जिल्हा, तिथं दारूबंदी. आपण अल्याड. पण दारूनं बसलेली घरं आपण दोन्ही काठांवर पाहिली आहेत, आणि माझ्या मामाचं घर त्यातलंच एक. म्हणून आधीच सांगतो, आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. मी राहतो त्या अमेरिकेत 1978 साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. विकायची नाही, आणि घरात दोन प्रौढ असले तर वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 750 लिटरची मर्यादा. दारू गाळायला मात्र तिथंही घरी परवानगी नाही. तेव्हा मी इथं कोणाला भट्टी लावायला सांगत नाही. मला सांगायचं आहे ते एका चुकीबद्दल.

बिअर म्हणजे काय, ते कुरडई करणाऱ्या बायांना पटकन कळेल. गहू तीन दिवस भिजतो, आंबतो, मग त्याचा चीक निघतो. इथं गव्हाऐवजी जव, म्हणजे बार्ली. तिला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्टचं गोड पाणी काढून तासभर उकळायचं. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकायची. ती उकळीच्या सुरुवातीला टाकली तर कडवटपणा येतो, शेवटच्या पाच मिनिटांत टाकली तर वास येतो. पाणी थंड करून यीस्ट सोडायचं. दोन आठवड्यांत यीस्ट साखर खाऊन टाकतं. मग थोडी साखर घालून बाटल्या भरायच्या, आणखी दोन आठवडे थांबायचं. एका घाण्यात 19 लिटर, म्हणजे पन्नासेक लहान बाटल्या.

माझा पहिला घाणा ऑक्टोबरात निघाला. दुकानात मिळणारं तयार सामान, सोबत छापील कृती, साधी पेल एल. मिनेसोटातलं आमचं तळघर तेव्हा 18 अंशांवर होतं. बिअर चांगली झाली. शेजारी म्हणाले, विकत आणल्यासारखी आहे. झालं! आपल्याला जमलं, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या घाण्याला जुलै उजाडला. तोवर मी पुस्तकं वाचून शहाणा झालो होतो. बेल्जियममधल्या हूगार्डन गावच्या बिअरबद्दल वाचलं. ही गव्हाची बिअर बंदच पडली होती, पिएर सेलिस नावाच्या माणसानं 1960 च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. तिच्यात संत्र्याची साल आणि धने पडतात. संत्रं आणि धने! वऱ्हाडातल्या माणसाला परदेशात आणखी काय पाहिजे? मी अर्धा गहू घेतला. साल घातली, धने कुटून घातले. जोर यावा म्हणून किलोभर मध ओतला. यीस्टही वेगळं आणलं, तेही एकच पाकीट. आणि सगळं ठेवलं कुठं, तर वरच्या खोलीत, 27 अंशांत.

महिन्यानं बाटली उघडली. नखांचं पॉलिश पुसायच्या औषधासारखा वास आला. 19 लिटर मोरीत ओतले.

ओतल्याचं दुःख एका दिवसात गेलं. खरं दुःख दुसरंच होतं. चूक कोणती, तेच मला सांगता येत नव्हतं. गहू, साल, धने, मध, यीस्ट, उकाडा, एका वेळी मी सहा गोष्टी बदलल्या होत्या. घाणा गेला आणि शिकायलाही काही मिळालं नाही. त्याहून वाईट म्हणजे तेव्हा उमगलं, की पहिला घाणा माझ्या हातानं जमलाच नव्हता. तो तळघरानं जमवला होता. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, भांड्यातलं तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्तच असतं. 18 ते 20 ला जे यीस्ट सरळ वागतं, ते पार तापलं की असे उग्र वास सोडतं. ऑक्टोबरनं मला वाचवलं होतं आणि मी श्रेय स्वतःकडे घेतलं होतं.

त्या रात्री मला बाबा आठवले. नवं बियाणं आलं की ते अख्खं वावर त्यानं पेरत नसत. धुऱ्याकडची चार तासं नव्याची, बाकी जुनंच. जमीन तीच, खत तेच, पेरणीचा दिवस तोच. लहानपणी मला वाटायचं, बाबा भित्रे आहेत. प्रयोगशाळेत मोठाले पगार घेणारी माणसं जे करतात, तेच बाबा धुऱ्यावर करत होते. मी शिकून गेलो आणि नेमकं तेवढंच विसरलो.

मग पुढचा घाणा पहिल्याचाच केला. तीच कृती, तेच यीस्ट, तेच 18 अंश. बदल एकच : हॉप्सचा एक भाग शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवला. वास खुलला, आणि तो कशानं खुलला हे मला ठाऊक होतं. दुसरी कृती त्या दिवशी मला सापडली.

तेव्हा कोणी नवशिक्या विचारतो, दुसऱ्यांदा काय करू, तर मी एवढंच सांगतो. पहिली बिघडली असेल तर तीच पुन्हा कर, आणि उकळीनंतर लागणारं प्रत्येक भांडं, नळी, झाकण आधी नीट निर्जंतुक कर. पहिली जमली असेल तर एकच गोष्ट बदल. रंगच हवा असेल तर थोडी काळी भाजलेली बार्ली घालून स्टाउट कर, यीस्ट आणि तापमान तेच राहू दे. लागरच्या नादी इतक्यात लागू नको, तिला दहा-बारा अंश आणि पुढे कित्येक आठवडे थंडी लागते. फार कडक बिअरही नको, ती मुरायला महिनोन्‌महिने घेते. चार आठवड्यांत जिचा निकाल कळेल अशी निवड. आणि वही ठेव.

वहीवरून आईचं सांगतो. फोनवर हे ऐकून ती आधी गप्पच राहिली. मग म्हणाली, "तुया मामाले इसरला काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढवला : किती बाटल्या मी प्यालो, किती वाटल्या, कोणत्या तारखेला. एक महिना असा आला की माझ्याच रकान्यातला आकडा मला बरा वाटला नाही. चार महिने भांडं पालथं ठेवलं. वही नसती तर ते दिसलंच नसतं.

पण वही सगळ्यांना वाचवते असं मी म्हणणार नाही. मामासाठी बरोबर आकडा शून्यच होता, आणि तो त्याला कोणी वेळेवर सांगितला नाही. या सभागृहात आपले दोन सोबती बसले आहेत, त्यांनी तो शून्य स्वतःच गाठला आणि टिकवला. त्यांच्यापुढे माझी वही काहीच नाही.

आपण आता पन्नाशी ओलांडली. कोणी नोकरी सोडून दुकान टाकतोय, कोणी संत्र्याची बाग मोडून दुसरं काही लावतोय, कोणाची मुलं पहिल्याच वर्षाच्या यशावर कर्ज काढायला निघाली आहेत. पहिला घाणा जमला की आधी बघा, तो आपण जमवला की तळघरानं. मग दुसऱ्याला चार तासंच नव्याची पेरा.

फोन करणाऱ्या मित्रा, झालं माझं भाषण. चहा पाजतोस ना आता?