बशीतलं वर्तुळ

कडुनिंबाच्या, तुळशीच्या अर्कानं जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाल्याच्या बातम्या आपण नेहमी ऐकतो. हे सिद्ध कसं करतात, ते आधी पाहू. पाला सावलीत वाळवून दळतात, पूड पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजत घालून गाळतात आणि द्रव उडवून घट्ट अर्क मिळवतात. काचेच्या चपट्या बशीत अगरचा जेलीसारखा थर असतो. त्यावर जंतू पसरायचे, थराला बारीक भोक पाडून त्यात अर्काचे थेंब सोडायचे आणि बशी रात्रभर ३७ अंशांच्या उबेत ठेवायची. सकाळी थरावर जंतूंची दुधट साय धरलेली असते. अर्क लागू पडला असेल तर भोकाभोवती तेवढं स्वच्छ वर्तुळ उरतं. पट्टी लावून त्याचा व्यास मोजतात. बातमी होते ती या मिलिमीटरांची.

हे वर्तुळ शोध सुरू करायला पुरेसं आहे, औषधाचा दावा करायला मुळीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवला असेल तर शेजारी नुसत्या अल्कोहोलचं भोक हवंच, कारण तेही जंतू मारतं. व्यासही फसवतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ओल्या थरात ते पसरतच नाही. म्हणून खरा आकडा असतो जंतूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेचा. अनेक प्रतिजैविकांना मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. कच्च्या अर्कांना बरेचदा कित्येक मिलिग्रॅम लागतात. समजा, एखाद्या अर्काला ५ मिलिग्रॅम लागले. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. तिथं ही मात्रा गाठायला २५ ग्रॅम अर्क थेट रक्तात मिसळावा लागेल. पाल्याच्या दशांश अर्क निघतो असं धरलं, तर हा झाला पाव किलो वाळलेला पाला! सकाळी चार पानं चावून ते साधणार नाही. कातडीवर मात्र दाट लेप लावता येतो. तिथलं गणित वेगळं.

यावर कुणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असताना बशीची परीक्षा हवी कशाला? अनुभव मोलाचा आहेच, पण सर्दी आणि कित्येक ताप आपोआपही उतरतात, त्यामुळे गुण कशानं आला हे नुसत्या अनुभवातून कळत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आयुर्वेदाचा विचार जंतू मारण्याचा नाहीच, मग ही कसोटी त्याला का लावावी? हे मला बरंचसं पटतं. अडुळशातल्या वासिसिनवरून ब्रोमहेक्झिन हे औषध घडवलं गेलं, आणि त्याचं काम कफ पातळ करण्याचं. बशीत वर्तुळ उमटलं नाही म्हणून अडुळसा टाकाऊ ठरत नाही. पण मग त्याच्या बाटलीवर ‘जंतुनाशक’ असंही छापू नये.

परंपरा जपायची ती परीक्षेची रीत ठरवतानासुद्धा. स्वरस, कल्क, काढा, हिम, फांट असे पाच प्रकार आपल्याकडे सांगितले आहेत. काढ्याचा गुण तपासायचा आणि अर्क मात्र अल्कोहोलमध्ये काढायचा, याला अर्थ नाही. चीनच्या तू यूयू यांना हिवतापावरच्या वनस्पतीचा उकळलेला अर्क खात्रीचा गुण देईना. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून त्यांनी कमी उष्णतेवर, ईथरमध्ये अर्क काढला. १९७१ साली तो उंदरांच्या हिवतापावर लागू पडला, त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ साली त्यांना नोबेल. पण उंदरांनंतर माणसांवरच्या चाचण्या झाल्याच. दारुहळदीच्या कुळातली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिच्यातलं बर्बेरिन जंतू आपल्या पेशीतून पंपासारखं बाहेर फेकतात. या कुळातल्या झाडांत तो पंप अडवणारं दुसरं द्रव्यही असतं, असं २००० साली अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. ते एकटं जंतूंना काहीच करत नाही. एकेक द्रव्य सुटं करून तपासणाऱ्याच्या हातून ते निसटलंच असतं.

तेव्हा श्रोतेहो, पुड्यावर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असं वाचलंत, तर विचारा: कोणत्या जंतूवर, किती मात्रेत, आणि माणसांवर तपासलं का? आणि डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविकं अर्ध्यावर सोडून काढ्यावर भिस्त ठेवू नका.