गोळी आणि हाकारे

बंदुकीच्या गोळीवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस का, असे आपल्याला वाटले असेल. आम्ही शिकारी नव्हे. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झालीच. आज पीक नासणाऱ्या डुकरावरही परवानगीवाचून बंदूक उचलता येत नाही. आमचा संबंध रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांशी.

आपल्याला ठाऊक असलेली बंदूक बारा बोअरची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडाव्यात. त्यांतली एक जिच्यात बरोबर बसेल ती ही नळी. तिच्यात कोणी छर्रे भरी, कोणी एकच गोळी. छर्रे पाखराला ठीक. जुन्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीची ढालच असते, तिच्यात ते अडकतात. जनावर मरत नाही, पिसाळते. बंदूकवाला माळ्यावर सुखरूप. खाली जाळीत हाकारा! एकटी गोळी खोल जाते.

रायफलीची तऱ्हा निराळी. नरम टोकाची गोळी आत पसरते, सांबर लवकर पडते. टनभराच्या गव्याला ती पुरत नसे. त्याला पुऱ्या कवचाची कठीण गोळी लागे. ही पसरणारी गोळी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या नावाने गाजली, आणि 1899 मध्ये हेगच्या परिषदेत ती युद्धात निषिद्ध ठरली. माणसाला क्रूर तीच सांबराला दयेची, याचे आम्हांला वाचताना फार नवल वाटले.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध हाकाऱ्याच्या मांडीवर सुळ्याचा व्रण आहे. त्या दिवशी बंदुकीत छर्रे होते. मजुरी अर्धीच मिळाली. डुक्कर हाती लागले नव्हते.