लहरींची परीक्षा, स्वतःच्याच साक्षीने



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणनिधी आणि वधूवरसूचक मंडळ यांविषयी पुष्कळ बोलले जाते. आज मी थोडे विषयांतर करतो. आपली मुले-मुली सांप्रत इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासाकडे वळत आहेत. ती प्रयोगशाळेत काय मोजतात, हे घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असावे.

रडारमध्ये लहरी उत्पन्न करणारा एक दोलक असतो. त्याने सेकंदाला १० अब्ज आंदोलने द्यावीत अशी योजना असली, तरी प्रत्येक आंदोलन नेमक्या क्षणी येत नाही. कधी किंचित आधी, कधी किंचित मागाहून येते. या चळवळीस फेज नॉईज म्हणतात. ती उपेक्षणीय नव्हे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने समोर येणाऱ्या वाहनावरून परतलेली लहर मूळ लहरीहून सेकंदाला अवघ्या १,००० आंदोलनांनी वेगळी असते. मागच्या डोंगरावरून परतणारी लहर तिच्याहून कितीतरी प्रबळ असू शकते. दोलक अशुद्ध असेल, तर डोंगराच्या गोंगाटात ते वाहन बुडून जाते.

घड्याळ तपासावयाचे तर त्याहून चांगले घड्याळ हवे. ते नसेल तेव्हा फ्रीक्वेन्सी डिस्क्रिमिनेटरची एक रीत कामी येते. लहरीचे दोन भाग करतात. एक लांब केबलमधून फिरवून उशिरा आणतात, दुसरा सरळ आणतात, आणि दोघांची मिक्सरमध्ये गाठ घालून देतात. म्हणजे लहर स्वतःच्याच भूतकाळाशी ताडून पाहिली जाते. (निबंध तपासताना मीही मुलाची गतवर्षीची वही शेजारी ठेवीत असे.) दोन्ही लहरींत पाव आंदोलनाचे अंतर राखले, की मिक्सरमधून सरासरी शून्य दाब निघतो. दोलकाची गती ढळली, की त्या प्रमाणात दाब वरखाली होतो. तोच वाढवून स्पेक्ट्रम ॲनलायझरवर पाहावयाचा.

केबल जितकी लांब, तितकी ही परीक्षा तीक्ष्ण; परंतु लांबीबरोबर लहर क्षीणही होते. हिशेबाने केबलमधील घट सुमारे ८.७ डेसिबल असता उत्तम फळ मिळते. दुसरीही एक अडचण आहे. सामान्य केबलमध्ये लहर प्रकाशाच्या सुमारे दोनतृतीयांश वेगाने धावते. म्हणून १०० मीटरला अर्धा मायक्रोसेकंद लागतो. जी चळवळ सेकंदाला बरोबर २० लाख वेळा होते, ती तेवढ्या अवधीत एक पूर्ण फेरा करून पूर्वस्थितीस येते; दोन्ही लहरींत फरकच उरत नाही आणि यंत्र तिला आंधळे होते. उलटपक्षी, अत्यंत संथ चळवळही एवढ्या थोड्या वेळात फारशी प्रकट होत नाही. त्यामुळे शांत क्वार्ट्झ दोलकास ही रीत मानवत नाही. त्यास तितकाच शांत सोबती शोधावा लागतो. मात्र स्थिर न राहणाऱ्या, भटक्या दोलकास ती फार सोयीची, कारण तो भटकला तरी त्याची उशिराची लहरही मागोमाग भटकतेच.

मापनापूर्वी दोलकाची गती मुद्दाम ठराविक प्रमाणात हलवून किती दाब मिळतो, हे नोंदवून ठेवावे लागते. या नोंदीवाचून पडद्यावरील रेघ केवळ रेघ राहते.