आमची राई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



चिटणीसबाई आठवड्यापूर्वी घरी येऊन "यंदा तुम्हीच बोलायचं" म्हणाल्या तेव्हा मी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लोणच्याची स्पर्धा असती तर आपण होऊन पुढे झाले असते. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या कुत्रीची हकिकत जिन्यात उभं राहून तासतासभर सांगता, तीच सभेत सांगा." तेव्हा तीच सांगते. लांबले तर खुशाल घंटा वाजवा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास माझ्या धाकट्या मुलीने कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट धरला. नुसते पिल्लू नव्हे, 'टीकप' पामेरियन. तिने मोबाइलवर फोटो दाखवले. चहाच्या कपात बसवलेली पिल्ले आणि डोक्याला रिबीन! मला आधी ती खेळणीच वाटली. तिच्या मैत्रिणींत चढाओढ लागली होती, कुणाचे किती लहान याची. आपण मुलींची उंची वाढावी म्हणून धडपडतो आणि या मुली कुत्र्याची वाढ खुंटावी म्हणून पैसे मोजतात, असे मी म्हटले, पण ऐकते कोण? बोनसमधले २८,००० रुपये मोजून पिल्लू घरी आले. विकणारा म्हणाला होता, "तीन महिन्यांचं आहे, दीड किलोच्या वर जाणार नाही." एवढेसे म्हणून नाव ठेवले राई.

तिसऱ्या रात्री दोन वाजता मुलगी रडत माझ्या उशाशी आली. राई गार पडली होती. मान सावरत नव्हती आणि पाय लटपटत होते. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी हिरड्यांना मध चोळायला आणि पिल्लू उबेत धरून ताबडतोब घेऊन यायला सांगितले. माझी दोन्ही बाळंतपणे मी न घाबरता निभावली, पण त्या रिक्षात माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

डॉक्टरांनी सलाइन लावले आणि मग राईचे तोंड उघडून दाखवले. दुधाचे दातसुद्धा पुरते आले नव्हते. पिल्लू पाच आठवड्यांचे होते! एवढ्या लहान जिवाच्या अंगात साखरेचा साठा फार थोडा असतो. दोन वेळचे खाणे चुकले की रक्तातली साखर उतरते आणि पिल्लू हातचे जाऊ शकते. आपल्याकडे २०१७ सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि कुत्री १८ महिन्यांची होण्याआधी तिच्याकडून पिल्ले घेता येत नाहीत. नियम कागदावर आहेत. पावती मागणारे आमच्यासारखे गिऱ्हाईक कुठे होते?

डॉक्टर चांगले, त्यांनी सगळे फोड करून सांगितले. 'टीकप' नावाची जातच नाही. तो विकणाऱ्यांचा शब्द. खऱ्या पामेरियनचे वजन साधारण १.४ ते ३.२ किलो असते. त्याहून लहान करायचे तर एका वेतातली सगळ्यांत अशक्त पिल्ले निवडून त्यांचीच पैदास करायची, नाहीतर पोटाला कमी घालायचे, नाहीतर कोवळे पिल्लू मोठ्या वयाचे म्हणून खपवायचे. आमच्या बाबतीत हे शेवटचे झाले. आणि दीड किलोच्या आईला बाळंतपण झेपत नाही. पिल्लू अडते आणि पोट कापावे लागते. हे ऐकले तेव्हा मला त्या न पाहिलेल्या आईची फार आठवण झाली. म्हणून सांगते, कुणाला पिल्लू घ्यायचेच असेल तर आधी त्याची आई दाखवा म्हणावे.

मग मी दर तीन तासांनी गजर लावून राईला भरवू लागले. सासूबाई सोवळ्याच्या. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले होते, "ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही." आठव्या दिवशी त्याच उंबऱ्यावर बसून वाटीत दूध-पोळी कुस्करत होत्या. दूध सोसत नाही, उकडलेली कोंबडी द्या, असे डॉक्टर म्हणाले तेव्हा मात्र घरात मोठे राजकारण झाले. ते इथे नको.

राई वाढू लागली. दोन किलो, तीन किलो, सहा महिन्यांत साडेपाच! ती पामेरियन नव्हतीच. आपण ज्याला सर्रास पामेरियन म्हणतो तो पुष्कळदा आपल्याकडचा स्पिट्झ असतो. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' सिनेमातला टफी आठवतो ना? तो त्यातलाच. जिन्यात लोक हसू लागले, "काय हो, राईचा पर्वत झाला!" मी हसून घ्यायची. मुलीला मात्र लागायचे. तिने फोटो टाकणे बंद केले, फिरायला न्यायलाही ती टाळू लागली. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आणून द्या, थोडे पैसे भरा, दुसरं लहान देतो." जसे काही साडीचा रंग गेला! हे म्हणाले, "फसलोच आहोत, बदलून घ्या." सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "पोर वाढली तर दृष्ट काढतात, परत नाही करत." पण मुलगी ऐकेना. मी अडवले नाही. चुकलेच माझे, पण त्या दिवशी मीही तिच्या रडण्याला कंटाळले होते.

ती राईला घेऊन गेली. मी डाळ निवडत बसले आणि एकच मूठ तीनदा निवडली. दीड तासाने दार वाजले तर राई आधी आत! मुलगी काही बोलली नाही. रात्री पांघरुणात शिरून सांगितले. दुकानात तिला ताटलीत बसवलेले पिल्लू दाखवले, मूठभर, थरथर कापणारे. तिने विचारले, "राईचं काय कराल?" तो म्हणाला, "बघू." तेवढ्या एका शब्दावर ती परत फिरली. त्या ताटलीतल्या पिल्लासाठी मात्र अजून हळहळते.

भगिनींनो, ज्यांच्या घरी खरोखरच इवलेसे कुत्रे आहे त्यांना मी नावे ठेवत नाही. माझ्या भाचीकडे सव्वा किलोची चिवावा आहे. सोफ्यावरून उडी मारली आणि पुढचा पाय मोडला. एवढ्याशा जबड्यात दातांची दाटी, म्हणून दातही काढावे लागले. भाची तिला तळहातावर जपते. त्या मुक्या जिवाने का सांगितले होते मला लहान करा म्हणून?

ही हौस आजची नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा पामेरियन आणला. त्याआधी हे कुत्रे चांगले थोराड असत. राणीमुळे लहान आकाराची टूम निघाली. पण तो मार्कोसुद्धा १२ पौंडांचा होता, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. आमच्या विकणाऱ्याने त्यालाही बदलून दिले असते! १९०१ साली राणी अखेरच्या दुखण्यात होती तेव्हा तिच्या बिछान्यावर तुरी नावाचा पामेरियन होता.

परवाच्या रविवारी राईचे वजन केले. मी तिला उचलून काट्यावर उभी राहते आणि मग माझे वजन वजा करते. ती सात किलो भरली. माझे किती ते चिटणीसबाईंनी विचारले तरी सांगणार नाही. मुलगी आता संध्याकाळी तिला घेऊन पार तळ्यापर्यंत जाते. आजही दोघी आल्या आहेत, खाली वॉचमनच्या खुर्चीपाशी बसल्या आहेत. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांनी चहा झाल्यावर मागच्या जिन्याने उतरावे.