तोंडी परवानगीवर मुलाला शाळेत पाठवू नका
(शाखेच्या कुटुंब मेळाव्यातील भाषण)



आपल्या मागणीपत्रात आजवर कधी न आलेल्या एका मागणीबद्दल बोलायचे आहे. आपल्यापैकी काहींच्या घरी टाइप वन मधुमेह असलेली मुले आहेत. काहींच्या, विशेषतः नागपूरकडच्या बांधवांच्या घरी, सिकलसेलची मुले आहेत. आम्ही त्या मुलांचे आईबाप. कुणी पॉइंट्समन, कुणी पोस्टमन, कुणी पार्सल ऑफिसात कारकून. औषधपाण्याचे रेल्वेच्या इस्पितळात किंवा सरकारी दवाखान्यात कसेबसे भागते. अडते ते शाळेत.

टाइप वन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मधुमेह म्हटले की लोकांना आजोबा आठवतात आणि ते सल्ला देतात, "गोड कमी द्या." हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. मग इन्सुलिन रोज बाहेरून द्यावे लागते, बहुधा दिवसातून तीन-चार वेळा, जन्मभर. इन्सुलिन टोचले आणि जेवण लांबले, किंवा खेळ जास्त झाला, की रक्तातली साखर ७० च्या खाली उतरते. मूल घामाघूम होते, हात थरथरतात, चिडचिड करते, भलतेच बोलते. त्या वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. उपाय एवढाच आहे. पण ही वेळ मधल्या सुट्टीपर्यंत थांबत नाही. "तास संपल्यावर खा" एवढे एक वाक्य मुलाला बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते.

सिकलसेलच्या मुलाचे निराळे. त्याला पाणी सारखे लागते, म्हणून लघवीलाही वारंवार जावे लागते. कडक उन्हात कवायत केली किंवा थंडीत कुडकुडले की अंगात कळा सुटतात आणि कित्येक दिवस शाळा बुडते. हजेरीपटावर ते नुसते गैरहजर दिसते.

शिक्षक दुष्ट नसतात, हे आम्ही मुद्दाम सांगतो. बहुतेक जण घाबरलेले असतात. सुई दिसली की घाबरतात, काही झाले तर आपल्यावर येईल म्हणून घाबरतात. त्या भीतीपोटी एका शाळेने आईला रोज दिवसभर व्हरांड्यात बसायला सांगितले. दुसरीकडे सहलीला नेले नाही. आणि जिथे चांगला वर्गशिक्षक भेटला तिथे आपण म्हणतो, "गुरुजी सांभाळून घेतात, आणखी काय पाहिजे?" ते गुरुजी जूनमध्ये दुसऱ्या शाळेत गेले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साहेब "बघू" म्हणाले म्हणून आपण कधी मागणी मागे घेतली आहे काय? बैठकीचे इतिवृत्त सहीनिशी हातात आल्याशिवाय आपण उठत नाही. मग पोटच्या पोराच्या बाबतीत तोंडी शब्दावर का भागवतो?

आता हातात कोणते कागद आहेत ते पाहू. सीबीएसईने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या टाइप वन मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळ, खाण्याचा पदार्थ आणि पाण्याची लहान बाटली परीक्षेच्या खोलीत नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवले. साखर तपासणे, इन्सुलिन घेणे, मधल्या वेळी खाणे यांची परवानगी वर्गात आणि परीक्षेतही द्यावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळू द्यावे, असे त्यात आहे. सिकलसेलचा हक्क याहून पक्का आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या अनुसूचीत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत, आणि मान्यताप्राप्त शाळांनी गरजेप्रमाणे योग्य त्या सोयी कराव्यात असे तो कायदा सांगतो. टाइप वन मधुमेह त्या यादीत नाही. म्हणून आमच्या हातात पत्र आहे, कायद्याचे कलम नाही. हा फरक आपल्या फेडरेशनने दिल्लीत मांडावा, अशी आमची मागणी आहे.

पण दिल्लीची वाट पाहत बसू नका. डॉक्टरांचे पत्र आणि एक पानाचा अर्ज मुख्याध्यापकांना द्या. कायदा शेवटच्या ओळीत घाला, आधी कामाचे लिहा. मूल कधी खाणार, कुठे बसून साखर तपासणार, इन्सुलिन कुठे ठेवणार. भुसावळच्या उन्हाळ्यात शाळेत फ्रीज नसेल तर घट्ट बंद डबीत इन्सुलिन ठेवून डबी माठाजवळच्या गारव्यात ठेवता येते, तेही लिहा. साखर उतरली तर काय द्यायचे आणि काय करू नये हेही लिहा. मुलाला एकट्याला ऑफिसात पाठवू नये. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. "शिक्षकांनी इंजेक्शन द्यावे अशी आमची अपेक्षा नाही" हे वाक्य विसरू नका. या एका वाक्याने निम्मी भीती जाते, हा आमचा अनुभव आहे.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच देत नसतील तर टपालाने पाठवा. टपालवाल्यांना हे सांगायला नको. आपले जुने रजिस्टर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळले, तरी पोहोचल्याचा पुरावा मिळतोच.

बदलीत या कागदाची खरी किंमत कळते. इटारसीहून सिकंदराबादला गेलात तर शाळा नवी, भाषा नवी, मुख्याध्यापक नवे. जुन्या शाळेकडून काय सोय दिली होती त्याचे पत्र दाखल्यासोबत मागून घ्या. सिकलसेलच्या मुलाकडे ४० टक्के किंवा अधिकचे प्रमाणपत्र असेल, तर केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने त्याची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. मात्र त्यात "प्रशासकीय अडचण नसल्यास" अशी मेख आहे. ती अडचण खरी की कागदी, हे पाहणे शाखेचे काम.

एक गोष्ट बोलायला जड जाते. मुलगी असली की घरचे आजार लपवतात, पुढे लग्न जमायचे म्हणून. तिला शाळेच्या संडासात लपून सुई टोचावी लागते. अशा चार घरी आमच्यातल्या भगिनी जाऊन बसल्या, दोन घरांनी शाळेला कळवले. बाकीच्या दोघांकडे पुन्हा जाणार आहोत.

अर्जाचे नमुने मराठीत आणि हिंदीत शाखेच्या कपाटात आहेत. केंद्रीय विद्यालयाचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा तिथल्या पालकांनी मार्चच्या पगारालाच ते घेऊन जावेत. मुख्याध्यापकांना भेटायला एकट्याने जाऊ नका. आमच्यापैकी दोघे सोबत येतील, फक्त ड्युटीची पाळी आधी कळवा.