चिकानो रॅप, व्हाया नागोया

(टोकियोतल्या मासिक बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. ऐकवलेली गाणी अर्थातच इथे देता येत नाहीत.)



मागच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, की नाट्यसंगीत पुरे, आता काहीतरी वेगळं ऐकवा. त्याची शिक्षा म्हणून आज रॅप.

विषय सुचला नागोयात. सिग्नलला एक जुनी शेव्हरोले इम्पाला उभी होती, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली. आतला माणूस जपानी. ढगळ खाकी पँट, चौकड्यांच्या शर्टाचं फक्त वरचं बटण लावलेलं, हातावर ग्वादालुपेच्या मेरीमातेचं गोंदण. गाणं अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश. टोयोटाच्या अंगणात शेव्हरोले! मी हसलो. घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा हसू ओसरलं.

चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. १८४८ च्या तहात कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख मेक्सिकोच्या हातून गेला. तिथले लोक अमेरिकेत गेले नाहीत, अमेरिकाच त्यांच्या दारात आली. बेळगावकरांना हे फोड करून सांगायला नको. पुढे कामासाठी आणखी लोक आले. १९३० च्या दशकात मंदी आली आणि लाखो मेक्सिकनांना, त्यात जन्माने अमेरिकन असलेली मुलंही होती, आगगाडीत बसवून 'परत' पाठवलं गेलं. १९४२ मध्ये युद्धामुळे माणसं कमी पडली, तेव्हा करार करून पुन्हा मजूर बोलावले. त्यानंतर वर्षभरातच लॉस एंजेलिसमध्ये ढगळ सूट घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना अमेरिकी खलाशांनी रस्त्यावर गाठून मारलं, त्यांचे कपडे फाडले. त्यामुळे ती ढगळ पँट निव्वळ फॅशन नाही.

'चिकानो' हा शब्द आधी हिणवण्यासाठी वापरला जाई. साठच्या दशकात तरुणांनी तो स्वतःहून उचलला. १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसचे हजारो विद्यार्थी शाळांतून बाहेर पडले, मागणी होती नीट शिक्षणाची. स्वतःचं नाव स्वतः ठरवण्याची ही रीत दलित पँथरच्या महाराष्ट्राला परकी वाटू नये. इतिहास मात्र वेगवेगळे आहेत, तुलना फार ताणत नाही.

आता संगीत. १९९० मध्ये किड फ्रॉस्टचं 'ला रासा' आलं. चिकानो रॅपची ओळख बहुतेकदा इथूनच करून देतात. त्याखाली वाजणारी धून 'विवा तिरादो', १९७० साली एल चिकानो या बँडने गाजवलेली. पण मूळ रचना जेराल्ड विल्सन या कृष्णवर्णीय जॅझवाल्याची, आणि ती एका मेक्सिकन बैलझुंजीवाल्यावर! म्हणजे 'हे कोणाचं' असं विचारायला गेलं की सुरुवातीपासूनच गुंता. पुढे सायप्रस हिल, लाइटर शेड ऑफ ब्राउन, सान दिएगोचा लिल रॉब. संथ ठेका, जुन्या प्रेमगीतांचे तुकडे, आई, मोहल्ला, तुरुंगातला भाऊ. या क्षेत्रातलं एक मोठं नाव, मिस्टर कपोन-ई, दक्षिण आशियाई कुटुंबातलं आहे. खरं नाव फहद आझम. आपली मुलं कुठे पोचतील याचा नेम नाही.

सीमेपलीकडचं हिप-हॉप वेगळं, ते मुख्यतः स्पॅनिशमध्ये. माँतेर्रेयच्या कंट्रोल माचेतेने नव्वदच्या दशकात त्याला बाजारपेठ मिळवून दिली. 'आमोरेस पेरोस' (२०००) पाहिला असेल तर त्यांना तुम्ही ऐकलेलं आहे. मला जास्त भावतात ते नंतरचे: वाहाकाची झापोतेक रॅपर मारे आद्वेर्तेन्सिया लिरिका आणि माया भाषेत रॅप करणारा पॅट बॉय. स्पॅनिशही त्यांच्यावर लादलेलीच. आरेच्या जंगलासाठी स्वदेशी गटाने प्रकाश भोईरांबरोबर २०१९ मध्ये केलेलं 'द वारली रिव्होल्ट' ऐका, म्हणजे नातं कळेल.

आणि जपान? नागोयात जुनिची शिमोदायरा यांनी लो-रायडर गाड्यांचा फराओज हा क्लब उभा केला. मोना ऊर्फ सॅड गर्ल ही जपानी गायिका चिकानो रॅप गाते. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या मंडळींवर लघुपट केला आणि वाद झाला, की ही संस्कृतीची उचलेगिरी नव्हे का? माझं मत विचाराल तर ही माणसं टिंगल करत नाहीत. चहा समारंभ शिकावा तितक्या निष्ठेने ती शिकतात. पण गाडी विकत घेता येते, तिच्यामागची हकालपट्टी घेता येत नाही, आणि घ्यावी लागतही नाही.

माझा प्रश्न दुसराच आहे. जपानमधले चिकानो कोण?

१९९० मध्ये कायदा बदलला आणि जपानी वंशाचे ब्राझिलियन, पेरूवियन लोक इथल्या कारखान्यांत आले: तोयोता, हामामात्सू, इवाता. २००८ ची मंदी आली. २००९ मध्ये सरकारने योजना काढली: प्रत्येक बेकार कामगाराला तीन लाख येन, कुटुंबातल्या प्रत्येकाला दोन लाख, आणि निघा. अट अशी, की त्याच दर्जावर पुन्हा यायचं नाही. ही बंदी २०१३ मध्ये सैल झाली. तोवर सुमारे २० हजार लोक गेले होते. १९३० च्या आगगाड्या आठवतात की नाही?

जे राहिले त्यांची मुलं आता रॅप करतात. इवाताच्या सरकारी वसाहतीतला ग्रीन किड्स हा गट ऐका. ब्राझील, पेरू आणि जपान अशी त्यांची मुळं. भाषा जपानी, मध्येच पोर्तुगीज. कपडे चिकानोंचे नसतील, पण गोष्ट तीच आहे.

इथे आपला संबंध येतो. माझ्या मुलीचं नाव शाळेत घालताना मला कळलं, की परदेशी पालकांना इथे शाळेची सक्ती नाही, अर्ज केला तर जागा मिळते. आपल्यापाशी पैसा होता, पर्याय होते, इंडियन स्कूलही होतं. त्यामुळे ही बाब आपल्याला गमतीची वाटली. २०१९ मध्ये शिक्षण मंत्रालयानेच पहिल्यांदा देशभर मोजलं, तेव्हा शाळेत जात नसावीत अशी परदेशी मुलं सुमारे २० हजार निघाली. त्यांतली फार थोडी आपली असतील. 'आम्ही उच्चशिक्षित, ते मजूर' हे वाक्य आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी स्वतः ऐकलंय. एकदा तर मीच बोललो होतो, हेही कबूल करतो.

रविवारी सकाळी अशा मुलांना जपानी आणि गणित शिकवणारे एक निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना गणिताला माणूस हवा आहे. या खोलीत इंजिनिअर किती आहेत ते मोजत बसत नाही. कागद मागे ठेवलाय.

आता गाणी. आधी 'ला रासा', मग मारे, मग इवाताची पोरं. स्पीकर उसना आणलाय आणि नऊ वाजता हॉल रिकामा करायचाय, तेव्हा प्रश्न नंतर, चहाच्या वेळी.